कार्त्यायनी अम्मांचा उठायचा दिवा

तुम्हीच सांगा, ज्या बाईला उशाशी ढोल बडवला तरी ऐकू येत नाही, तिला हाक न मारता, हात न लावता, पलंगाला धक्का न देता पहाटे चारला उठवायचं कसं? नाही ना सुचत? मग ओमनाला तरी कसं सुचणार होतं, ती काय तुमच्याआमच्यापेक्षा निराळी आहे? पण सेतूला सुचलं! सेतू म्हणजे सेतुमाधवन, ओमनाचा नवरा, दिवसा सहकारी बँकेत कारकून आणि संध्याकाळी घरी आला की शास्त्रज्ञ. तुम्हाला सांगते, नवरा दारू पीत असला तर शेजारीपाजारी निदान बायकोची कीव तरी करतात, पण नवरा पक्कड आणि वायरचं भेंडोळं घेऊन पडवीत बसला की तेच शेजारी म्हणतात, "काय हुशार आहेत हो तुमचे सेतुएट्टन!" एट्टन म्हणजे दादा, आणि बायकोही नवऱ्याला तेच म्हणते. आणि करायचं काय होतं? एक दिवा लावायचा होता हो, फक्त एक दिवा!

आता हे सगळं विषूपायी. विषू म्हणजे आमच्याकडे केरळात वर्षाचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी डोळे उघडल्यावर जे पहिलं दिसेल तसं पुढचं वर्ष जाणार, म्हणून पहिली दिसायची ती कणीच. आदल्या रात्री घरातली थोरली बाई देवघरात कणी मांडते... मोठ्या काशाच्या भांड्यात तांदूळ, पिवळीधमक काकडी, फणस, आंबे, आरसा, कोरं वस्त्र, सोन्याचा एखादा डाग, बहाव्याच्या फुलांचे झुबके आणि मागे कण्णन, म्हणजे आपला कृष्ण. आणि पहाटे तीच बाई सगळ्यांच्या आधी उठते, डोळे न उघडता भिंत चाचपत देवघरात जाते, न बघता काडी ओढते, न बघता समई लावते आणि मग डोळे उघडते. तिचं दर्शन झालं की मग ती एकेकाच्या अंथरुणाशी येते, मागून त्याच्या डोळ्यांवर हात ठेवते आणि त्याला चालवत चालवत कणीपुढे आणून उभं करते. ती येईपर्यंत बाकीच्यांनी मुकाट डोळे मिटून पडून राहायचं. कोणी डोळा किलकिला केला तर बघा!

ओमनाच्या घरात हे काम तिच्या सासूबाईंचं, कार्त्यायनी अम्मांचं. ओमना सून म्हणून घरात आल्यापासून एकाही विषूला अम्मा चुकल्या नव्हत्या. एकदाही बोट भाजलं नाही, एकदाही समईऐवजी काकडीला काडी लावली नाही! पण गेल्या वर्षी कान गेले. कानातलं यंत्र आहे, दिवसा घालतात, पण झोपताना काढून ठेवतात, आणि ते काढलं की मग जग बंद. त्यामुळे गेल्या विषूला गजर वाजला, वाजत राहिला, वाजून वाजून थांबला, आणि अम्मा गाढ झोपलेल्या. बाकीचे आपापले उठले. ओमनाने डोळे उघडले तर पुढ्यात सेतू, जांभई देणारा. सेतूने डोळे उघडले तर पुढ्यात ओमना, केस पिंजारलेली. आणि मग काय विचारता! त्या वर्षात विहिरीचा पंप जळला, सेतूची बढती हुकली, फणसाला कीड लागली, आणि प्रत्येक वेळी दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे असं बघितलं... असं बघितलं की सांगता सोय नाही.

आणि वर विलासिनी! विलासिनी ही सेतूची थोरली बहीण, पालक्काडला फ्लॅटमध्ये राहते. तिची स्वयंपाकीण मकर महिन्यात सोडून गेली आणि तिला आईची माया लगेच पुढच्या कुंभ महिन्यात दाटून आली. हे मी माझ्या मनचं नाही सांगत, महिने तुम्हीच मोजा. फोनवर म्हणाली, "सेतू, अम्माला आता झेपत नाही रे. विषूला मीच येते, मीच सगळ्यांना उठवते, आणि नंतर अम्माला माझ्याकडेच घेऊन जाते. तिथे लिफ्ट आहे!"

लिफ्ट आहे! अम्मा कधी जिना चढल्यात का? बैठं घर त्यांचं!

आता तुम्ही म्हणाल, सासू जात होती तर ओमनाने पेढे वाटायचे! अहो, आपण असं म्हणतो, पण घरात सासू नसली तर बाईने भांडायचं कोणाशी? नवऱ्याशी? सेतू भांडणातसुद्धा कागद घेऊन आकृती काढून दाखवतो. अम्मा भांडायच्या तेव्हा मनापासून भांडायच्या, आणि भांडून झालं की ओमनाच्या ताटात लोणच्याची फोड जास्त वाढायच्या. आणि मुख्य म्हणजे लिफ्टचं ऐकल्यापासून अम्मा गप्प झाल्या होत्या. कानात यंत्र असूनही "काय?" म्हणायच्या आणि पडवीत बसून आपल्याच अंगणाकडे बघत राहायच्या, जणू कोणी ते उचलून नेणार आहे. एकदा ओमनाला एवढंच म्हणाल्या, "मोळे, मुली, फ्लॅटमध्ये विषूला उठवायचं तरी कोणाला गं? विलासिनीचा नवरा रात्री दोनला झोपतो."

म्हणून ओमनाने ठरवलं, यंदा अम्माच उठवणार. पण अम्मांना कोण उठवणार? तिथे गाडी अडली.

"मी उठवते ना," ओमना म्हणाली.

"म्हणजे तू आधी उठणार," सेतू म्हणाला. "म्हणजे उठवणारी तूच झालीस. मग विलासिनी चेची म्हणणार, बघा, अम्माला झेपत नाही."

मग पायाच्या अंगठ्याला दोरी बांधायची आणि ओढायची असं निघालं. पण ओढणारा आधी उठला की पुन्हा तेच! मग सेतूने आपला मोबाईल थरथरता ठेवून अम्मांच्या उशीखाली सरकवला. तो थरथरला. अम्मा उठल्या, हे खरं. पण "पाल! पाल!" असं ओरडत त्यांनी तो असा भिरकावला की खिडकीतून थेट जास्वंदीत, आणि मग दोन दिवस सेतूचा मोबाईल कोणाचाही फोन आला की फक्त खरखरायचा.

आणि तेव्हा, मोबाईल जास्वंदीतून काढता काढता, सेतू तिथेच उकिडवा बसून राहिला आणि म्हणाला, "ओमने! आवाज नको. उजेड!"

बघा, कसं सोपं वाटतं ऐकायला? उजेड! एक दिवा लावायचा होता हो, फक्त एक दिवा!

तर त्याची रचना अशी. सासऱ्यांचं जुनं किल्लीचं घड्याळ होतं, टाइमपीस. गजर झाला की त्याच्या पाठीमागची किल्ली गरगर उलटी फिरते. त्या किल्लीला दोरा बांधायचा. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा. तो तुकडा कपडे वाळत घालायच्या चिमट्याच्या तोंडात धरलेला. चिमट्याच्या दोन्ही ओठांना पितळी टाचण्या, टाचण्यांना वायर, वायरला सेल आणि विजेरीचा बल्ब. किल्ली फिरली की दोरा गुंडाळतो, पुठ्ठा निसटतो, टाचण्या एकमेकींना चिकटतात आणि बल्ब लागतो. घंटीवर फडकं गुंडाळायचं, म्हणजे बाकी घर जागं होणार नाही. झालं!

झालं म्हणे! आता यात चिमटा कोणाचा? ओमनाचा. फडकं कोणाचं? ओमनाचं. बल्बमागे उजेड फेकायला स्टीलची वाटी लागली ती? ओमनाची, पायसमची म्हणजे खिरीची, लग्नातली! नवरे घरात काहीतरी बनवतात ना, तेव्हा प्रत्यक्षात काय होतं ठाऊक आहे का? बायको उभी राहून धरते, आणि नवरा म्हणतो, "हलू नकोस." ओमना धरून उभी. गॅसवर सांबार उतू चाललंय आणि ही चिमटा धरून उभी. "हलू नकोस!" "अहो, सांबार!" "ओमने, विज्ञान आहे हे!" विज्ञान खाली सांडलं ते पुसायला कोण होतं, ते विचारू नका.

त्याला तर आणखी एक लाल दिवा लावायचा होता. म्हणजे लाल असेपर्यंत झोपायचं आणि पांढरा लागला की उठायचं. ओमना म्हणाली, "सेतुएट्टा, अम्मांना उठवायचंय की आगगाडी थांबवायचीय?" तेव्हा कुठे एका दिव्यावर आलं.

मग चाचण्या. अम्मा दुपारी खिडक्या लावून झोपतात, ती वेळ धरली. पहिल्या दिवशी गजर झाला, किल्ली फिरली, पण पुठ्ठा काही निसटेना, आणि दोरा गुंडाळत गुंडाळत घड्याळच चिमट्याकडे निघालं! स्टुलावरून खुरडत खुरडत चाललंय, चाललंय... आणि चिमट्याला घेऊन पडलं खाली, चिमटा मोडला. सेतूने ते उचललं आणि म्हणाला, "घर्षण कमी पडलं." घड्याळाला दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. दुसऱ्या दिवशी दिवा लागला, अगदी झकास लागला, पण अम्मा भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. दिवा अम्मांच्या पाठीला उठवत बसला. सेतू म्हणाला, "हा माझ्या जोडणीचा दोष नाही." मग दोष कोणाचा? अम्मांचा? त्यांनी त्याला जन्म दिला हाच काय तो दोष! पलंग फिरवला. तिसऱ्या दिवशी उजेड थेट तोंडावर पडला, आणि अम्मा "चोर! चोर! विजेरी मारतोय तोंडावर!" करत उठल्या आणि विणलेल्या पंख्याचा असा तडाखा दिला की चिमट्याचे दोन तुकडे. ओमनाचा दुसरा चिमटा गेला.

पण चौथ्या दिवशी... चौथ्या दिवशी दिवा लागला आणि अम्मांनी हळूच डोळे उघडले. काही ओरडल्या नाहीत. त्या वाटीतल्या उजेडाकडे बघत राहिल्या, आणि मग असं हसल्या, तुम्हाला सांगते, ओमना दाराआडून बघत होती, तिलाही नाही म्हटलं तरी गहिवरून आलं. अम्मा म्हणाल्या, "सेतू, हे तू माझ्यासाठी केलंस, मोने, बाळा?" आणि सेतूने "हो" म्हटलं! एकट्याने! दाराआड जी चिमटे देऊन बसली होती तिचं नाव नाही घेतलं! असो. ओमनाने तेही गिळलं, कारण त्या दिवसापासून अम्मांना पुन्हा नीट ऐकू यायला लागलं. देवळाच्या तळ्यावर जाऊन बायकांना सांगून आल्या, "माझ्या मुलाने मला उठायचा दिवा केलाय. यंदा मीच उठवणार सगळ्यांना. मग बघते कोण नेतं मला लिफ्टमध्ये!" अर्धा गाव दिवा बघून गेला. प्रत्येकाला चहा कोणी केला? सेतूने नाही.

आणि विषूच्या आदल्या संध्याकाळी विलासिनी आली. एवढी मोठी बॅग घेऊन, आणि मोबाईलवर एकापाठोपाठ एक गजर लावून. एक वाजला नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. आली ती सरळ अम्मांच्या खोलीत गेली. सेतूने मोठ्या अभिमानाने दिवा दाखवला. गजर फिरवला, किल्ली फिरली, पुठ्ठा निसटला, बल्ब लागला. सेतू म्हणाला, "कसं?"

विलासिनीने दिव्याकडे बघितलं, अम्मांकडे बघितलं आणि म्हणाली, "सेतू, हा दिवा दिसायला अम्माला डोळे उघडायला लागतील ना?"

"अर्थात!"

"म्हणजे विषूला अम्मा सगळ्यात पहिलं काय बघणार?"

अगंबाई! सगळे त्या स्टुलाकडे बघायला लागले. दोन विटा. सासऱ्यांचं टवका उडालेलं घड्याळ, त्याला बांधलेलं जुनं फडकं. ओमनाचा तिसरा चिमटा. हे कण्णनच्या जागी! हे बघून अख्खं वर्ष काढायचं! आणि सांगा, इतके दिवस हे कोणाच्याच ध्यानात येऊ नये? विषूसाठी दिवा करणारा सेतू, विषूसाठी चिमटे देणारी ओमना, अर्धा गाव येऊन चहा पिऊन गेला, पण एकाच्याही तोंडून निघालं नाही की बाई गं, विषूला डोळेच उघडायचे नसतात! एक दिवा लावायचा होता हो, फक्त एक दिवा... आणि तोच नेमका बघायचा नव्हता!

सेतू हार मानतोय होय? म्हणाला, "मिटलेल्या पापण्यांतूनही उजेड जाणवतो. शास्त्र आहे. अम्मा डोळे न उघडता जाग्या होतील."

"पापणीतून दिसलं ते दिसलंच," विलासिनी म्हणाली.

"उजेड दिसेल, दिवा नाही दिसणार!"

"आणि सवयीने उघडले डोळे तर? चौथ्या दिवशी उघडलेच ना?"

चौथा दिवस हिला कोणी सांगितला, ते ओमनाला आजतागायत कळलेलं नाही. ओमना म्हणाली, "अहो, मग दिवा कणीतच ठेवू, कण्णनच्या मागे, आणि अम्मांचं अंथरूण देवघरात घालू. डोळे उघडले तरी पहिली दिसेल ती कणीच." किती सोपं होतं! पण त्या दिवसात पहिल्यांदा भावाबहिणीचं एकमत झालं. विलासिनी म्हणाली, "कण्णनच्या मागे कपड्याचा चिमटा?" आणि सेतू म्हणाला, "देवघराच्या दमट हवेत टाचण्या काळ्या पडतील." झालं!

मग विलासिनीने ज्योतिषी पणिक्करांना फोन लावला. पापणीतून दिसलेलं दिसलं म्हणायचं की नाही? पणिक्करांनी पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दर्शन वस्तूचं होतं. उजेड ही वस्तू नव्हे." सेतू उडी मारणार तोच म्हणाले, "पण बल्ब ही वस्तू आहे." विलासिनी खुलली. तेव्हा म्हणाले, "तुम्ही असं करा, विषू झाल्यावर फोन करा," आणि ठेवून दिला. त्यांच्या मागे त्यांची बायको काकडी कुठे ठेवली म्हणून ओरडत होती, ते ओमनाने स्वतः ऐकलं.

शेवटी विलासिनी म्हणाली, "ठीक आहे. अम्मा आपली आपण उठली आणि तिने आपल्याला उठवलं, तर मी एक शब्द बोलणार नाही. पण नाही उठली, तर मी उठवणार सगळ्यांना, आणि परवा अम्मा माझ्याबरोबर पालक्काडला येणार. कबूल?"

कोणाला विचारत होती ही? अम्मा तिथेच बसलेल्या, कानात यंत्र होतं, सगळं ऐकत होत्या. उठल्या, देवघरात गेल्या, कणी मांडून आल्या, यंत्र काढून डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, "झोपा सगळे."

आता पहाटेचं ऐका. मधल्या खोलीत सेतू आणि ओमना, त्यांच्या पलीकडे गादीवर विलासिनी. दाराला लागून अम्मांची खोली. ओमनाला झोप कुठली! डोळे मिटून पडलेली आणि कान सगळे तिकडे. आणि आला आवाज! फडक्यात गुंडाळलेल्या घंटीची घरघर, दोरा गुंडाळल्याची सरसर, आणि चिमट्याचा तो टप् असा आवाज. लागला! दिवा लागला! ओमना वाट बघायला लागली, आता पलंग कुरकुरेल, आता अम्मांची पावलं वाजतील...

काही नाही.

गावात फटाके सुरू झाले. शेजारच्यांची कणी झालीसुद्धा. कोंबडे आरवून थांबले, कावळे ओरडायला लागले, अजून काही नाही. मग अंधारातच, म्हणजे अंधार होता की नाही हे कोणाला ठाऊक, सगळ्यांचेच डोळे मिटलेले, सेतू कुजबुजला, "ओमने, दिवा लागलाय का बघ ना."

"कशी बघू? माझे डोळे मिटलेत."

"मग अम्मा उठल्यात का?"

"तेही डोळ्यांनीच बघतात, सेतुएट्टा!"

"एक डोळा उघड ना, थोडासा."

"तुम्ही उघडा! तुमचा दिवा आहे!"

"गेल्या वर्षी तुझं तोंड बघितलं आणि बढती गेली. पुन्हा नाही."

पलीकडून विलासिनीचा आवाज आला, "मी सगळं ऐकतेय हं."

आणि तेवढ्यात विलासिनीचा पहिला गजर वाजला. मोठ्याने भजन लागलं. तो बंद करायला मोबाईलकडे बघायला नको का? ती चाचपतेय, दाबतेय, भजन मोठं होतंय. मग दुसरा गजर, त्यात वेगळं भजन. मग तिसरा! सगळी भजनं एकात एक, बाहेर फटाके, आत तीन धडधाकट माणसं टक्क जागी, डोळे गच्च मिटलेली, आणि एकाला हलायची सोय नाही. तुम्हाला सांगते, हे कोणी बाहेरून बघितलं असतं तर म्हटलं असतं, या घरातले लोक झोपेत भांडतात. एक दिवा लावायचा होता हो, फक्त एक दिवा! लागला होता की! बघायला कोणी नव्हतं!

शेवटी विलासिनी म्हणाली, "पुरे झालं. ठरलं होतं तसं. मी उठते."

ओमनाला वाटलं, उठावं, धावत जाऊन अम्मांना गदागदा हलवावं. पण डोळे उघडले तर वर्ष गेलं, आणि मिटून धावली तर दाराची चौकट. आणि ते केलं तरी अम्मा आपल्या आपण उठल्या असं कुठे झालं? तिने अंथरुणातच हात जोडले आणि म्हणाली, कण्णा, माझी वाटी घे, चिमटे घे, पण त्यांना उठव.

विलासिनी डोळे मिटून उठली. लहानपणी याच घरात वाढली, म्हणून ऐटीत निघाली. पण तिच्या लहानपणी मधल्या खोलीत कपाट नव्हतं. धाड्! मग "अय्यो!" मग उजवीकडे वळली ती सेतूच्या पलंगावर. सेतू ओरडला, "चेची, माझा पाय!" ती पुन्हा उठली, पुन्हा हात पुढे करून निघाली, आणि... थांबली. एकदम थांबली. भजनं चालूच, पण तिचा आवाज बंद. आणि त्या कलकलाटात ओमनाला अम्मांचा आवाज आला, अगदी हळू, विलासिनी परकर नेसायची तेव्हा बोलायच्या तसा, "उघडू नकोस हं डोळे. मी आहे. चल."

अम्मांनी मागून तिच्या डोळ्यांवर हात ठेवला होता. आणि ती पालक्काडची बाई, जिच्याकडे लिफ्ट आहे, ती निमूट पावलं टाकत चालली. मग अम्मा सेतूसाठी आल्या. मग ओमनासाठी. ओमनाने डोळे उघडले तेव्हा पुढे कण्णन होता, बहावा होता, आरशात चार तोंडं होती, आणि खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं होतं.

मग उलगडा झाला. अम्मांनी आदल्या संध्याकाळचं सगळं ऐकलं होतं ना, पापणी आणि वस्तू आणि दर्शन! सवयीने डोळे उघडतील म्हणून त्यांनी झोपताना डोळ्यांवर पंच्याच्या दोन घड्या करून गच्च बांधल्या होत्या. उजेड त्या पंच्यावर पडत राहिला. अम्मा आत काळोखात दिव्याची वाट बघत पडलेल्या, आणि दिवा बाहेर अम्मांची वाट बघत जळतोय!

"मग जाग कशी आली, अम्मा?" यंत्र त्यांच्या कानात घालून ओमनाने विचारलं.

"जाग कशी आली म्हणजे? झोपले कुठे होते मी?" अम्मा म्हणाल्या. "फटाक्यांच्या दारूचा वास यायला लागला. म्हटलं, शेजारणीने उरकलं वाटतं. मग म्हटलं, दिव्याचं दिवा बघेल, आपण उठावं."

विलासिनी कपाळाचं टेंगूळ चोळत म्हणाली, "पण ऊन वर आलं गं अम्मा. आणि दिव्याने काही तुला उठवलं नाही."

"दिवा वेळेवर लागला होता!" सेतू आतून ओरडला. तो बल्बाशी नाक लावून बसला होता. "अजून धुगधुगी आहे त्याच्यात!"

अम्मा कणीपुढे बसल्या, त्यांनी तिघांच्या हातावर विषूचं एकेक नाणं ठेवलं, आणि विलासिनीचा हात तसाच धरून विचारलं, "कणीच्या आधी कोणी डोळे उघडले?"

"नाही," तिघंही म्हणाले.

"तुला इथे कोणी आणलं?"

विलासिनीने टेंगूळ चाचपलं. मग म्हणाली, "तू."

"मग झालं. जा, टेंगळाला खोबरेल लाव. बॅगेतलं काही काढू नकोस, परत भरायचा त्रास."

संपलं म्हणता? सेतू आहे ना! दिवसभर वायरी ताणत बसला. सेल नवे घातले, वाटी वाकवून उजेड वाढवला, चिमटा बदलला. ओमनाचा चौथा! आणि पुन्हा चारचा गजर लावला. ओमना म्हणाली, "अहो, विषू झाली!" तर म्हणाला, "अम्मांसाठी नाही गं, सिद्धतेसाठी."

दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा ठरल्या वेळी लागला, विलासिनी पहिल्या बसने एकटीच पालक्काडला गेली, आणि अम्मा त्या उजेडाकडे तोंड करून साडेआठपर्यंत झोपल्या.